चार बँडेज आणि हातभर

पाण्याच्या बाटलीवर चिकटपट्टी लावायची युक्ती माझी. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात, हाडांच्या पेशंट बायकांच्या वॉर्डात मी इन्चार्ज सिस्टर आहे, आणि तिथे ही पद्धत मीच सुरू केली. पेशंटच्या लिटरच्या बाटलीवर पांढरी चिकटपट्टी उभी लावायची आणि तिच्यावर पेनाने रेघा मारायच्या: आठ, दहा, बारा, दोन. दहा वाजता पाणी दहाच्या रेघेपर्यंत उतरलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर मी पेशंटच्या उशाशी जाऊन उभी राहणार आणि बोलणार. मी बोलायला लागले की वॉर्डातले पंखेसुद्धा हळू फिरतात, असं आमच्या मुली माझ्या पाठीमागे म्हणतात. म्हणू देत. ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत आणि मग लघवीचं इन्फेक्शन, ताप, भ्रम असं सगळं मागे लागतं. त्यापेक्षा माझं तोंड परवडलं.

ह्या युक्तीचा मला गर्व होता. दुसऱ्या वॉर्डांनीही ती उचलली होती. मेट्रन राउंडला आल्या की मी मुद्दाम एखादी बाटली हातात घेऊन दाखवायची.

नर्सिंग शिकायला येणाऱ्या मुलींना आम्ही पाच रकान्यांचा कागद भरायला लावतो. काय दिसतं, अडचण काय, काय करायचं ठरवलं, काय केलं आणि शेवटी काय झालं. पहिले चार रकाने मुली छान भरतात. पाचवा मात्र चौथ्याबरोबरच भरून मोकळ्या होतात. ‘दर दोन तासांनी कुशीवर वळवले’ असं लिहिलं की त्याच दमात पुढे ‘उद्दिष्ट साध्य’. अगं, पाठ बघितलीस का? जखम झाली की नाही ते कापड बाजूला करून पाहिलंस का? ह्यावरून मी कितीजणींना रडवलं आहे त्याचा हिशोब नाही. पाचवा रकाना डोळ्यांनी बघून भरायचा, हे माझं ठरलेलं वाक्य. ते मी इतकं ऐकवलं होतं की स्वतःला ते लागू आहे हेच विसरले होते.

तर त्या आजी. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या. सकाळी पाण्याच्या वेळी दारातल्या पिंपाशी पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. वय सत्तरच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, केस घट्ट बांधलेले. ऑपरेशन करून हाडात सळई घातली. दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि मी कागद भरायला घेतला. पाणी दिवसाला दोन लिटर, दर दोन तासांनी बेडपॅन विचारायचा, तिसऱ्या दिवसापासून वॉकर घेऊन उभं करायचं.

त्यांचा मुलगा एका कंपनीत सिक्युरिटीला होता आणि सून एका कॉल सेंटरमध्ये. मुलगा पहिल्याच दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, “सिस्टर, खरं सांगा. चालणार ना ती? आम्ही दोघं सकाळी गेलो की संध्याकाळी येतो. संडास पॅसेजच्या टोकाला आहे, कॉमन. तिला स्वतःचं स्वतः जाता आलं तर ठीक आहे, नाहीतर गावी आत्याकडे ठेवावी लागेल. मला नकोय ते. पण करू काय?”

तो वाईट मुलगा नव्हता. डबा स्वतः आणायचा आणि आईची नखं कापून द्यायचा. आजींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, “गावाला माझं कोणी नाही. नणंद आहे, तिलाच दोन माणसं धरून उठवतात. माझं सगळं ह्या चाळीत आहे. मला पॅसेजच्या टोकापर्यंत चालवा, बाकी काही नको.” हे सांगताना त्यांनी माझा हात धरला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. सरळ कामाचं बोलल्यासारखं बोलल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या.

पुढचे तीन दिवस कागदावर सगळं झकास होतं. बाटली रेघेबरहुकूम उतरत होती. दोन लिटर, पावणेदोन लिटर. मुली तक्त्यावर लिहीत होत्या आणि मी खाली सही करत होते. लघवी मात्र फारच कमी. आजी वॉकरला धरून उभ्या राहायच्या आणि लगेच खाली बसायच्या. पाचव्या दिवशी सकाळी ताप आला, जीभ कोरडी पडली आणि मला त्या “ताई, कपडे वाळत घातलेस का?” असं विचारायला लागल्या. रक्ताचा रिपोर्ट आला तो किडनीवर ताण दाखवणारा.

आमचे निवासी डॉक्टर, माझ्या मुलाच्या वयाचे, तक्ता हातात घेऊन म्हणाले, “सिस्टर, पाणी इतकं जातंय तर मग हे असं का? चार्ट बरोबर आहे ना?”

माझं डोकंच फिरलं. “डॉक्टर, माझ्या वॉर्डात चार्ट खोटे नसतात,” असं मी दहाजणांसमोर सुनावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सलाइन लिहून दिलं आणि ते निघून गेले.

त्याच दुपारी भेटायची वेळ सुरू झाली. शेजारच्या पलंगावरच्या पेशंटची बहीण आली, बसली आणि तिने माझी पट्टीवाली बाटली तोंडाला लावली. आजींची बाटली. मी तिच्यावर धावूनच गेले. “पेशंटचं मोजून ठेवलेलं पाणी पिता? लाज नाही वाटत?”

ती घाबरून उभी राहिली. “सिस्टर, आजीच देतात. रोज देतात. कूलर त्या टोकाला, तिकडे केवढी लाइन असते. त्या म्हणतात, घे बाळा, ही भरलेली आहे. सकाळपासून आजूबाजूच्या पेशंटना पेल्यात देतात, दुपारी मी आमच्या जगमध्ये ओतून घेते.”

वॉर्डात सगळे बघत होते. मी बाटली हातात घेतली. बाराच्या रेघेवर पाणी अगदी चोख उभं होतं. तीन दिवस आम्ही दुसऱ्याच माणसांनी प्यायलेलं पाणी आजींच्या नावावर लिहीत होतो आणि मी सही करत होते. मला इतकी लाज वाटली की मी सरळ ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि कापसाचे डबे उगाच इकडून तिकडे ठेवत बसले. मग बाहेर आले, डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं की चार्ट खोटा होता. ते एवढंच म्हणाले, “बरं झालं कळलं.” त्यांनी ओरडायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

सलाइन आणि औषधांनी दोन दिवसांत आजी शुद्धीत आल्या. मी स्टूल ओढून शेजारी बसले. एरवी मी पेशंटशी उभ्याने बोलते.

“आजी, पाणी का देऊन टाकत होतात?”

त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाल्या, “प्यायलं की पॅन लागतो. पॅन लागला की त्या मावशीला हाक मारा. मी दादरला एका नर्सिंग होममध्ये आयाबाई होते, सिस्टर. तीस वर्षं. एका टायमाला वीस-वीस पॅन. जेवायला बसलं की हटकून हाक यायची. मला माहीत आहे ना, कसं वाटतं ते. तेव्हाच ठरवलं होतं, माझं कोणाला उचलायला लावणार नाही. सुनेला पण नाही.”

“अहो, पण बाटली तर…”

“बाटलीचं काय? आमच्याकडच्या सिस्टर पण बाटलीच बघायच्या. रिकामी दिसली की लिहून मोकळ्या. मला ठाऊक होतं तुम्ही बाटली बघणार. बाई कोण बघतंय?”

हे त्या चिडून बोलल्या नाहीत. मला मात्र ते थेट लागलं. आणि दुसरी गोष्ट त्याहून जास्त लागली. मी स्वतः भोईवाड्याच्या चाळीत वाढले. माझी आई दिवे लागल्यावर पाण्याला शिवायची नाही, का तर रात्री संडासासाठी गॅलरी ओलांडायला नको. माझ्या घरातली गोष्ट. आणि मी पट्टीवर रेघा मारत बसले होते. कागदाचा पहिला रकाना ‘काय दिसतं’, आणि मला काही दिसलंच नव्हतं.

आमच्या वॉर्डातली मावशी मालवणची. कामाला वाघीण आणि तोंडाला माझ्याहून तिखट. तिला मी सगळं सांगितलं. वाटलं तिला वाईट वाटेल, डोळे भरून येतील. ती रागावली. पदर खोचून आजींच्या पलंगाशी गेली.

“आजी, तुमी तीस वर्सा लोकांचा केलास. तेव्हा तुमच्यासाठी कोणी पाणी सोडल्यान काय? मगे माझ्यासाठी कित्याक सोडतास? माझा काम हा ता. तुमी आजारी पडलास तर माझा काम कमी होतला की वाढतला, सांगा बघू?”

आजींनी तिच्याकडे पाहिलं. दोघी एकाच धंद्यातल्या, एकमेकींना काय फसवणार? आजी पुटपुटल्या, “तू जेवलीस का आधी?”

“जेवलंय. आता प्या गुमान.”

मावशीने पेला त्यांच्या हातात दिला आणि संपेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी त्या दिवशी बाटलीवरची पट्टी काढून टाकली, सगळ्यांच्या बाटल्यांवरची. आता पेल्याने पाजतो, समोर उभं राहून पाजतो आणि मगच लिहितो. वेळ जातो. मुली कुरकुरतात. कुरकुरू देत.

मग मी नवा कागद घेतला. ह्या वेळी आजींना विचारून लिहिला. अडचण काय, तर पॅसेजच्या टोकापर्यंत स्वतः जाता येत नाही. पण पॅसेज केवढा? मुलगा म्हणाला, “असेल बऱ्यापैकी.” आजी म्हणाल्या, “सहा दारं.” तेवढ्याने माझं काम होईना. सुट्टीच्या दिवशी मी परळहून बस पकडली आणि वरळीला गेले. टेप घ्यायला विसरले, पण पर्समध्ये बँडेजचे रोल होते, ते आमच्या पर्समध्ये नेहमी असतातच. आजींच्या दारापासून बँडेज उलगडत निघाले. मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंनी खोल्या, दारादारात निळी पिंपं, चपलांचे स्टँड, एक सायकल. चाळीतल्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. एकीने विचारलं, “बाई, रिडेव्हलपमेंटवाल्या का तुम्ही?” आजींसाठी आले आहे म्हटल्यावर तिनेच बँडेजचं दुसरं टोक धरलं. चार पूर्ण रोल आणि वर हातभर. शेवटी एक पायरी. आणि संडास भारतीय पद्धतीचा.

तिथे माझं गाडं अडलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने उकिडवं बसायचं नाही. मी त्या बायकांना तसं सांगितलं. मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती वर ठेवता येते, पण संडास कॉमन, रोज ती ठेवायची-काढायची कोणी? त्या आपसात दोन मिनिटं बोलल्या. मग बँडेज धरलेली म्हणाली, “शेवटच्या संडासात ठेवा. ती तिथेच राहू दे. आमच्या पण गुडघ्यांना बरी.” एवढा मोठा प्रश्न त्यांनी कांदे-बटाट्यांइतक्या सहज सोडवला. परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या व्हरांड्यात आम्ही चाळ उभी केली. जमिनीवर चिकटपट्टीने चार रोल आणि हातभर अंतर आखलं. पिंपांच्या जागी सलाइनचे स्टँड, सायकलच्या जागी व्हीलचेअर, चपलांच्या स्टँडच्या जागी स्टुलं. शेवटी पायरीसाठी लाकडी पाट. आजींनी ती मांडणी बघून दोन स्टँड सरकवायला लावले. “हे पिंप भिंतीला लागून असतं. आणि सायकलवाला नीट लावत नाही, ती अजून आत घ्या.”

पहिल्या दिवशी त्या एका रोलपर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी दीड. तिसऱ्या दिवशी सायकलपाशी वॉकर अडकला आणि त्या मला नाही, सायकलवाल्याला शिव्या देत राहिल्या. पाणी पीत होत्या, मावशीला हाक मारत होत्या, दोघींचं आपसात बरंच काही चालायचं. सहाव्या दिवशी, सकाळच्या राउंडनंतर, आजींनी चार रोल पार केले आणि पाटावर पाय ठेवला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी खिशातून पेन काढलं आणि पाचव्या रकान्यात लिहिलंसुद्धा: उद्दिष्ट साध्य.

आजी त्या टोकाला वॉकर धरून उभ्या होत्या. वॉकर वळवायला गेल्या आणि तिथेच थांबल्या.

“सिस्टर,” त्यांनी तिथून विचारलं, “आणि परत कोण आणणार मला? का तिथेच राहू?”

व्हरांडाभर हशा पिकला. मीही हसले, पण आधी कान गरम झाले. सुट्टी घालवून, बँडेज उलगडून, पिंपं मोजून मी जायचंच अंतर आखलं होतं. व्हीलचेअरवरून आजींना पलंगावर आणलं आणि मी मुलींसमोर ‘उद्दिष्ट साध्य’वर आडवी रेघ मारली. एकजण दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मी ऐकू न आल्यासारखं करून पेन खिशात टाकलं.

बेड हवा होता, वॉर्ड भरलेला. डॉक्टरांकडून मी तीन दिवस मागून घेतले आणि त्यांनी दिले. तिसऱ्या दिवशी आजी गेल्या आणि आल्या, पण येताना त्यांना मध्ये स्टुलावर बसावं लागलं, आणि सोबत मी होते, एक हात त्यांच्या पाठीमागे धरून. मुलाने ते बघितलं. म्हणाला, “एक महिना बघतो, सिस्टर. नाही जमलं तर गावी. मला दुसरा उपाय नाही.” आजींनी वॉकर जवळ ओढून घेतला. जाताना त्यांनी मावशीला जवळ घेतलं आणि मला म्हणाल्या, “तो शेवटचा खाना भरलात का?”

“नाही,” मी म्हटलं. फाइल रेकॉर्डला गेली, पण त्या कागदाची झेरॉक्स मी माझ्याकडे ठेवली. पाचवा रकाना रिकामा.

महिन्यानंतर ओपीडीची तारीख होती. मी मुद्दाम खाली जाऊन बघितलं. आजी आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलाचा फोन लागेना. माझ्या मनात एकच, नेलं गावी. ड्यूटी संपल्यावर मी घरी न जाता वरळी गाठली. जिने चढून वर गेले तर दाराला बाहेरून कडी. आत कोणी नाही. मी त्या कडीकडे बघत उभी राहिले आणि मला रडूच आलं. कोणावर रागवायचं तेही कळेना. मुलावर रागावता येत नव्हतं, तेच जास्त वाईट होतं.

तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून आवाज आला. टक. टक. थांबून पुन्हा टक. वॉकरचा.

आजी शेवटच्या दारातून बाहेर येत होत्या. पायरी उतरल्या. एकट्या. मी पुढे धावले तसं त्यांनी वॉकरवरचा एक हात उचलून मला थांबवलं. “तिथेच थांबा. मध्ये येऊ नका.”

मी थांबले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. सहा दारं, पिंपं, चपला. सायकलपाशी त्यांनी वॉकर तिरका केला, सायकलवाल्याला एक शिवी घातली आणि पुढे आल्या. मध्ये कुठे बसल्या नाहीत. दारापाशी येऊन कडी काढली आणि म्हणाल्या, “ओपीडीला येते गुरुवारी. सुनेला त्या दिवशी रजा मिळाली नाही, आणि लेकाचा फोन पाण्यात पडला. रडताय काय?”

आत खोली होती तेवढीच, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यासमोर ताजी फुलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर टेकल्या, तांब्यातून दोन पेले भरले. एक मला दिला. दुसरा उचलून, माझ्याकडे बघत, सावकाश, पूर्ण प्यायल्या आणि पेला उलटा करून दाखवला.

“बघितलंत ना डोळ्यांनी? आता लिहा.”

पर्समधून मी तो घडी घातलेला कागद काढला. मांडीवर ठेवून, खोडलेल्या शब्दांच्या खाली, पाचव्या रकान्यात लिहिलं: स्वतः गेल्या. स्वतः परत आल्या.